डेबियनचा बॉक्स बनवून दुकानात विकायचा असेल तर: लायसन्सपासून एमआरपीपर्यंत

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून रिपेअरिंगच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाचा एक प्रश्न ठरलेला आहे, मशीन तर मस्त चालतंय मग विंडोज ११ का घेत नाही? टीपीएम २.० (मदरबोर्डवरची सुरक्षेची चिप) नसतं किंवा इंटेलचा प्रोसेसर आठव्या जनरेशनच्या आधीचा असतो, एवढंच कारण. आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, एसएसडी टाकलेली, असं धडधाकट मशीन भंगारात द्यायला कुणाचंच मन होत नाही. त्यावर लिनक्स (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) चालतं आणि चांगलं चालतं. अडतं कुठे तर काही जीबीची फाइल उतरवायची, ती नीट उतरली का ते तपासायचं, पेनड्राइव्हवर मारायची, मग बूट मेनूत जायचं, इथे माणूस थांबतो. शाळेतले सर, पतसंस्थेतला क्लार्क, मुलांसाठी जुना पीसी ठेवलेले आईवडील, यांना हातात धरता येईल असा बॉक्स पाहिजे असतो, आत तयार पेनड्राइव्ह, मराठीतलं पुस्तक, आणि अडलं तर फोन करायला एक नंबर.

असा बॉक्स बनवून विकणं पूर्ण कायदेशीर आहे आणि मनापासून करण्यासारखं काम आहे. फक्त एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पक्की धरा: आतलं सॉफ्टवेअर नेटवर फुकट मिळतं हे गिऱ्हाइकाला तुम्ही स्वतः सांगायचं, बॉक्सवर छापून सांगायचं. पैसे पेनड्राइव्हचे, पुस्तकाचे आणि तुमच्या मदतीचे. किंमत किती ठेवायची, लेबलवर काय लिहायचं, फोनवर किती वेळ द्यायचा हे सगळं यावरून ठरतं.

मी पुढचं सगळं डेबियन १३ (लिनक्सचं एक डिस्ट्रो, म्हणजे वापरायला तयार संच) धरून लिहितोय, कारण बॉक्ससाठी मला तेच सगळ्यात सोयीचं वाटतं, ते का ते येतंच आहे. दुसरं डिस्ट्रो घेतलंत तर ट्रेडमार्कचा भाग नव्याने तपासा, बाकी पायऱ्या त्याच.

विकायला परवानगी आहे का

आहे, आणि ही पळवाट नाही. मोकळ्या सॉफ्टवेअरची चळवळ उभी करणारे रिचर्ड स्टॉलमन १९८५ मध्ये ईमॅक्स या त्यांच्या एडिटरची टेप १५० डॉलरला पाठवायचे, फुकट नेटवरून घ्यायची मोकळीक सगळ्यांना होतीच पण ज्याच्याकडे नेट नाही तो टेप मागवायचा. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स पहिल्यांदा दिलं तेव्हा पैसे घेऊन वाटायला मनाई होती, पण फ्लॉपी कॉपी करून देणाऱ्यांना निदान फ्लॉपीचा खर्च तरी निघायला नको का, म्हणून १९९२ मध्ये त्याने ते जीपीएल या मोकळ्या लायसन्सखाली आणलं. त्यानंतर बॉक्सची दुकानंच लागली. रेड हॅटचा बॉक्स २००३ मध्ये आलेल्या रेड हॅट लिनक्स ९ पर्यंत मिळत होता, सुसेचे बॉक्स जाडजूड मॅन्युअलसाठी ओळखले जायचे, लिनक्ससारखीच दुसरी मोकळी सिस्टिम बनवणारे ओपनबीएसडीवाले तर २०१६ च्या ६.० पर्यंत सीडीचा सेट विकून प्रोजेक्टला पैसा उभा करत होते. आपल्याकडे पीसीक्वेस्ट मासिकासोबत लिनक्सची सीडी यायची, बऱ्याच जणांनी लिनक्स पहिल्यांदा त्यातूनच टाकलं.

मला सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण वाटतं ते २००८ चं. उबंटू या दुसऱ्या डिस्ट्रोच्या ८.०४ आवृत्तीचा बॉक्स अमेरिकेत बेस्ट बायच्या दुकानात १९.९९ डॉलरला लागला होता, आणि त्याच वेळी कॅनॉनिकल ही उबंटूमागची कंपनी हीच उबंटूची सीडी शिपइट नावाच्या योजनेत पोस्टाने जगभर फुकट पाठवत होती. तरी बॉक्स विकायला ठेवला, कारण त्यात छोटं गाइड होतं आणि ६० दिवसांचा सपोर्ट होता. लोक त्याचे पैसे देतात.

जीपीएलमध्ये कॉपी देण्याचे पैसे घ्यायला मुभा आहे, वर पैसे घेऊन वॉरंटी द्यायचीही मुभा आहे. काय करता येत नाही तेही बघा. बॉक्सवर "कॉपी करण्यास सक्त मनाई" छापता येत नाही, "एका बॉक्सवर एकच कॉम्प्युटर" अशी अट घालता येत नाही, अ‍ॅक्टिव्हेशन कीचा प्रकार करता येत नाही. गिऱ्हाइकाने तुमचा पेनड्राइव्ह घरी नेऊन चाळीस जणांना कॉपी करून दिला तर तो त्याचा हक्क आहे आणि माझ्या मते बॉक्सवर हे ठळक लिहावं, "हे सॉफ्टवेअर कितीही कॉम्प्युटरवर टाका, मित्रांना द्या." शाळावाले हे वाक्य वाचूनच बॉक्स उचलतात, कारण त्यांच्याकडे एका लॅबमध्ये वीस मशीन असतात.

डिस्ट्रो आणि इमेज

डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. तीन वर्षं नेहमीचा सपोर्ट आणि पुढे दोन वर्षं एलटीएस (लांब मुदतीचा सपोर्ट), म्हणजे एकूण पाच वर्षं अपडेट मिळत राहतात. शेल्फवर सहा महिने पडून राहू शकणाऱ्या मालाला हे फार महत्त्वाचं आहे, उबंटूच्या मधल्या आवृत्त्यांना फक्त ९ महिने सपोर्ट असतो, त्या बॉक्समध्ये घालायच्याच नाहीत, घालायचंच तर एलटीएस. दुसरं म्हणजे डेबियन १२ पासून अधिकृत इमेजमध्येच (पेनड्राइव्हवर मारायच्या फाइलमध्येच) वायफाय वगैरे चालायला लागणारे फर्मवेअर येतात, पूर्वी वायफाय दिसत नाही म्हणून अर्धे फोन यायचे ते त्यामुळे बरेच कमी झालेत.

जुन्या मशीनसाठी एक्सएफसीई नावाच्या हलक्या डेस्कटॉपची लाइव्ह इमेज घ्या. लाइव्ह असली की गिऱ्हाइकाला इन्स्टॉल न करता आधी चालवून बघता येतं, वायफाय लागतं का, आवाज येतो का, टचपॅड चालतो का, आणि नाही पटलं तर बंद करून पेनड्राइव्ह काढला की विंडोज जसंच्या तसं. डेबियन १३ चा ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही, म्हणून "फक्त ६४ बिट कॉम्प्युटरसाठी" हे पुढच्या बाजूला छापा. किमान ४ जीबी रॅम लिहा. त्याहून कमीत चालतं, पण ब्राउझर उघडला की माणूस कंटाळतो आणि नाव आपल्या बॉक्सचं खराब होतं.

इमेजमध्ये स्वतः काही बदल करू नका. क्रोम घालू, छान वॉलपेपर लावू, दुकानाचा लोगो टाकू, दोन-चार फॉन्ट टाकू, असं सगळ्यांना वाटतं. पण हात लावलात की ते अधिकृत डेबियन राहत नाही, मग नाव वापरण्याचा प्रश्न येतो, तुम्ही बदललेल्या भागाचा सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर) वेगळा सांभाळावा लागतो, आणि क्रोमसारखं किंवा मायक्रोसॉफ्टच्या फॉन्टसारखं मालकीचं सॉफ्टवेअर पैसे घेऊन वाटायची परवानगी तुमच्याकडे नसते. अधिकृत इमेज बाइट न् बाइट तशीच ठेवा आणि तुमची सगळी कारागिरी पुस्तकात दाखवा.

सोर्स कोडची जबाबदारी, ही टाळू नका

नव्या विक्रेत्यांना ही पायरी माहीतच नसते. लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) जीपीएल आवृत्ती २ खाली आहे आणि त्यात नियम असा की बायनरी (चालवायला तयार प्रोग्राम) विकताय तर त्याच आवृत्तीचा सोर्स कोड एक तर सोबत द्या, नाहीतर किमान तीन वर्षं चालेल असं लेखी वचन द्या, की कोणीही मागितला तर फक्त कॉपी करून पाठवण्याच्या खर्चात देऊ. "कोणीही" म्हणजे खरंच कोणीही, तुमच्याकडून बॉक्स न घेतलेला माणूससुद्धा. "सोर्स डेबियनच्या साइटवर आहे, तिथून घ्या" एवढं म्हणून चालत नाही, दुसऱ्याचं वचन पुढे ढकलायची सोय फक्त पैसे न घेता वाटणाऱ्यांना आहे. जीपीएल आवृत्ती ३ मध्ये भौतिक वस्तूसोबतच्या वचनासाठी स्वतःच्या सर्व्हरवरून फुकट डाउनलोड द्यायचा पर्याय आहे, पण तिथे तीन वर्षांच्या पुढेही सपोर्ट देत असाल तोपर्यंत वचन पाळावं लागतं. पेनड्राइव्हवर दोन्ही प्रकारचं सॉफ्टवेअर आहे, म्हणून जास्त कडक ते धरून चाला.

करायचं काय, तर ज्या दिवशी इमेज उतरवाल त्याच दिवशी तिचा सोर्स पण उतरवा. डेबियन लाइव्ह इमेजच्या सोर्सच्या फाइली वेगळ्या ठेवतं. नंतर घेऊ म्हणालात तर तोवर पुढची पॉइंट रिलीज (त्याच आवृत्तीची दुरुस्त्या घातलेली नवी इमेज) येते आणि मग जुन्याचा सोर्स जुन्या संग्रहात शोधत बसा. दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, एक दुकानात एक घरी, वर इमेजचं नाव आणि तारीख लिहून चिकटवा. पुस्तकाच्या मागच्या पानावर मी असा मजकूर सुचवतो:

"या पेनड्राइव्हवरील जीपीएल व तत्सम लायसन्सखालील सॉफ्टवेअरचा संपूर्ण सोर्स कोड, हा बॉक्स विकल्याच्या तारखेपासून किमान तीन वर्षे, आणि आम्ही या बॉक्सला सपोर्ट देत असू तोपर्यंत, मागणी करणाऱ्या कोणालाही पेनड्राइव्ह अथवा डीव्हीडीवर, केवळ कॉपी व टपालाच्या खर्चात पाठवू. मागणी करताना बॉक्सवरील बॅच नंबर कळवावा." खाली पत्ता आणि ईमेल.

हाच मजकूर इंग्रजीतही छापा. मागणी वर्षातून एखादी आली तरी खूप, पण आली की चार दिवसांत पाठवता आलं पाहिजे.

नाव आणि लोगो

सॉफ्टवेअर मोकळं असलं तरी नाव मोकळं नसतं. रेड हॅटच्या सीडी स्वस्तात विकणाऱ्या चीपबाइट्सला रेड हॅटचं नाव वापरता येईना तेव्हा त्यांनी तीच सीडी "पिंक टाय" नावाने विकली होती. डेबियनचं धोरण मात्र विक्रेत्यांना बरंच सोपं आहे. धंद्यासाठीही नाव वापरता येतं, फक्त तुम्ही म्हणजेच डेबियन किंवा त्यांचे अधिकृत डीलर असा समज होता कामा नये, कंपनीच्या नावात, प्रॉडक्टच्या नावात किंवा वेबसाइटच्या डोमेनमध्ये डेबियन हा शब्द घालता येत नाही, आणि विक्रीतला किती भाग प्रोजेक्टला देणार ते खरं-खरं सांगावं अशी त्यांची शिफारस आहे. म्हणून बॉक्सला स्वतःचं नाव द्या आणि खाली छोट्या अक्षरात "यात डेबियनची अधिकृत इमेज आहे. आमचा डेबियन प्रोजेक्टशी संबंध नाही" असं लिहा. लोगो वापरायचा तर तो लाल भोवरा वापरा, बाटलीतला लोगो अधिकृत कामासाठी राखीव आहे.

डेबियनच्या साइटवर इन्स्टॉलेशन मीडिया विकणाऱ्यांची देशवार यादी असते आणि कोण देणगी देतो तेही त्यात दिसतं. चार बॉक्स विकून झाले, सगळं सुरळीत चाललं की तिथे नाव नोंदवायला अर्ज करा.

पेनड्राइव्ह: इथे वेळ घालवा

१६ जीबीचे घ्या. ८ जीबीत इमेज मावते, पण इन्स्टॉल झाल्यावर गिऱ्हाइकाला रोजच्या वापराला तो पेनड्राइव्ह राहतो आणि तेव्हा १६ बरा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत होलसेलमध्ये घेताना नकली मालाची भीती खरी आहे, वर १६ लिहिलेलं असतं आणि आत चिप ४ ची, कंट्रोलर खोटं सांगतो आणि चार जीबीच्या पुढे लिहिलेलं सगळं हवेत जातं. फाइल कॉपी होताना एरर येत नाही, वाचायला गेलं की कचरा निघतो. यासाठी एफथ्री नावाचं छोटं टूल डेबियनमध्येच आहे, ते पेनड्राइव्ह पूर्ण भरतं आणि परत वाचून जुळवून बघतं. नव्या सप्लायरचा पहिला लॉट सगळाच्या सगळा तपासा, नंतर दहातला एक. बिल घ्याच, बदलून मिळायला आणि जीएसटीच्या क्रेडिटला दोन्हीला लागतं.

आता इमेज. डाउनलोड झाल्यावर एसएचए ५१२ चेकसम (फाइलवरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) जुळवा, आणि चेकसमच्या फाइलवर डेबियनची जीपीजी म्हणजे डिजिटल सही असते तीही तपासा. नुसता चेकसम जुळला म्हणजे फाइल नीट उतरली एवढंच कळतं, सही तपासली म्हणजे ती डेबियनचीच आहे हे कळतं. तुम्ही शेकडो लोकांच्या कॉम्प्युटरवर जाणारी वस्तू देताय, हे एकदाच करायचं काम आहे, चुकवू नका.

डेबियनची इमेज पेनड्राइव्हवर सरळ बाइट टू बाइट लिहिली की बूट होते, वेगळ्या कुठल्या टूलची गरज नाही, लिनक्समधल्या डीडी कमांडनेच काम होतं. पॉवर असलेला सात पोर्टचा यूएसबी हब घ्या आणि एकावेळी सहा-सात मारा. स्वस्त पेनड्राइव्ह सेकंदाला पाच-सहा एमबीने लिहितात, म्हणजे चार जीबीला अकरा-तेरा मिनिटं, हबवर सगळे मिळून आणखी वेळ, तेवढ्यात मागच्या लॉटचे बॉक्स भरून होतात. लिहून झालं की इमेज जेवढ्या बाइटची आहे तेवढेच बाइट पेनड्राइव्हवरून परत वाचून मूळ फाइलशी जुळवा. जुळवण्याआधी पेनड्राइव्ह काढून परत लावा, नाहीतर कॉम्प्युटर रॅममधलीच कॉपी वाचून सगळं छान आहे म्हणून सांगतो. प्रत्येक लॉटमधला एक पेनड्राइव्ह खऱ्या मशीनवर बूट करून बघा, एकदा नव्या यूईएफआयवाल्या मशीनवर सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) चालू ठेवून आणि एकदा जुन्या बायोसवाल्या पीसीवर.

मग पेनड्राइव्हवर बॅच नंबरचं बारीक स्टिकर. त्या नंबरासमोर वहीत किंवा एक्सेलमध्ये इमेजचं पूर्ण नाव, तारीख, पेनड्राइव्हचा सप्लायर. तीन महिन्यांनी एकाच बॅचचे चार फोन आले की कुठला लॉट वाईट ते लगेच सापडतं.

पुस्तक, ज्यासाठी लोक पैसे देतात

४० ते ६० पानं, ए५, सेंटर पिन, आत काळं-पांढरं चालतं पण स्क्रीनचे फोटो स्पष्ट पाहिजेत. भाषा बोलीतली ठेवा. "निवडा" पेक्षा "खालून दुसऱ्या ओळीवर या आणि एंटर मारा" हे जास्त उपयोगी.

पहिल्या पानावर फक्त इशारे. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो "माझ्या फोटोंचं काय होईल?" आणि त्याचं उत्तर कशाच्याही आधी यायला हवं: पूर्ण डिस्कवर इन्स्टॉल केलं की जुनं सगळं पुसलं जातं, आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या, तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, मगच पुढे. लगेच खाली बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं एन्क्रिप्शन. बऱ्याच लॅपटॉपवर तो मालकाला न कळत चालू असतो, बूटच्या सेटिंगला हात लावला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं आणि ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, ती आधी लिहून ठेवा. हे पान लाल चौकटीत छापा आणि त्याची एक सुटी प्रत पेनड्राइव्हला गुंडाळून ठेवा म्हणजे वाचल्याशिवाय पेनड्राइव्ह हातातच येणार नाही.

दुसऱ्या पानावर बूट मेनूची बटणं. डेल आणि लेनोव्होला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९ किंवा आधी एस्केप, असुस लॅपटॉपला एस्केप आणि त्यांच्या मदरबोर्डला एफ८, एसरला एफ१२ पण बऱ्याच मॉडेलात तो आधी बायोसमध्ये चालू करावा लागतो. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज रेड किंवा इंटेल आरएसटीवर असतं ते एएचसीआयवर आणायचं, पण विंडोज ठेवायचं असेल तर हे करण्याआधी फोन करा असं स्पष्ट लिहा.

मराठीसाठी वेगळा भाग ठेवा आणि तो चांगला मोठा ठेवा. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत आहे, फक्त ग्राफिकल निवडावा लागतो, टेक्स्टवाल्यात मराठी येत नाही. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसचे मराठी पॅक कसे टाकायचे, आयबसमध्ये (टायपिंगची भाषा बदलणारं सॉफ्टवेअर) मराठी कीबोर्ड कसा जोडायचा, इनस्क्रिप्ट कुठे आणि इंग्रजी अक्षरांवरून टाइप होणारं कुठे, हे एकेक पाऊल चित्रासकट दाखवा. गावाकडच्या ऑफिसांत माझा अनुभव असा की मराठी टायपिंग पहिल्या दिवशी जमलं तर माणूस लिनक्सवर टिकतो, नाहीतर आठवड्यात परत जातो.

आणि काय चालणार नाही तेही लिहा. टॅली थेट चालत नाही, फोटोशॉप आणि ऑटोकॅड नाहीत, श्रीलिपीत केलेल्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणल्याशिवाय नीट दिसणार नाहीत. कॅनन एलबीपी २९०० सारख्या प्रिंटरला वेगळा कॅप्ट ड्रायव्हर लागतो आणि तो बसवायला खटपट करावी लागते, आपल्याकडच्या ऑफिसांत हा प्रिंटर जागोजागी आहे म्हणून नावानिशी लिहा. डिजिटल सिग्नेचरचं टोकन वापरणाऱ्यांनी आधी लाइव्हमध्ये तपासावं. यातली मुख्य तीन-चार नावं बॉक्सच्या मागच्या बाजूवर पण पाहिजेत, खरेदीच्या आधी दिसतील अशी. यामुळे थोडे बॉक्स कमी विकले जातील, चालेल, तसंही ते परतच आले असते.

पुस्तकाचा मजकूर तुमचा स्वतःचा असेल तर त्याचे हक्क तुमचे. डेबियनच्या इन्स्टॉलेशन गाइडमधला मजकूर मराठीत करून घातलात तर तो भाग जीपीएलखाली येतो, लोकांना तो कॉपी करू द्यावा लागतो.

बॉक्स आणि त्यावरचा कायद्याचा मजकूर

साधा मोनो कार्टन, ३०० जीएसएम बोर्ड, वरून मॅट लॅमिनेशन, डाय-कटिंगवाल्याकडून करून घ्या. साइज पुस्तकाची, पेनड्राइव्ह आत कार्डाच्या खाचेत बसवा नाहीतर खडखडतो. डायचा खर्च एकदाच येतो, म्हणून डाय तीच ठेवून आवृत्तीचा आकडा स्टिकरवर घ्या, बॉक्सवर "१३" छापून टाकलात तर पुढच्या आवृत्तीला सगळे बॉक्स वाया.

वैधमापनाचे पॅकेज्ड कमोडिटीजचे २०११ चे नियम पाकीटबंद मालाला लागू होतात. पॅक करणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, वस्तूचं नाव, आत काय किती नग (पेनड्राइव्ह १ नग, पुस्तिका १ नग असं), बनवल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसहित एमआरपी, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, आणि माल बाहेरच्या देशात बनलेला असेल तर तो देश. आता यातली गोम: ही माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत असावीच लागते, मराठी त्याच्या जोडीला चालते, नुसती मराठी पुरत नाही. पॅकर म्हणून नोंदणीही लागते, पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत, फी ५०० रुपये.

जीएसटीत पेनड्राइव्ह एचएसएन कोड ८५२३ मध्ये, १८ टक्के. छापील पुस्तकावर कर नाही, पण दोन्ही मिळून एका किमतीत विकताना पुस्तकाचा भाग वेगळा काढायच्या भानगडीत पडू नका, पूर्ण किमतीवर १८ धरा. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, पण राज्याबाहेर माल पाठवायचा तर पहिल्या बॉक्सपासून लागते. तुमचा सपोर्ट वेगळा विकत असाल तर ती सेवा होते आणि मर्यादा बदलते, एवढं एकदा सीएला विचारून घ्या. उद्यम नोंदणी फुकट होते, ती करून टाका.

किंमत

समजा एका बॉक्सला पेनड्राइव्ह २६०, कार्टन ४५, पुस्तक ५५, कार्ड-स्टिकर-श्रिंक १५, मारणं आणि तपासणं २५, बदलून द्यायच्या मालासाठी २०, असे ४२० रुपये लागले. एमआरपी ७९९ ठेवली तर कराचे १२२ जाऊन उरले ६७७. दुकानदाराला त्यावर २० टक्के म्हणजे १३५ दिले, राहिले ५४२. त्यातून ४२० गेले, हातात १२२. दिसायला बरं आहे. आता फोन धरा: एका गिऱ्हाइकामागे सरासरी ४० मिनिटं आणि उत्तर देणाऱ्याला तासाला १५० रुपये, १०० गेले. डेबियनला २० रुपये द्यायचं छापलंय, ते गेले. दोन रुपये राहिले. तेच ९९९ ला ठेवलं तर सगळं जाऊन १३७ च्या आसपास राहतात. मेमरीचे भाव वरखाली होतात तसे आकडे बदलतील, पण फोनचा वेळ खर्चात न धरता किंमत ठेवू नका, बॉक्सला खरा भार सपोर्टचाच असतो.

"नेटवर फुकट आहे आणि तुम्ही हजार रुपये घेता" असं म्हणणारा भेटणारच. त्याला राग न धरता सांगा, हो फुकट आहे, कुठून घ्यायचं तेही बॉक्सवर लिहिलंय, तुम्हाला जमत असेल तर जरूर घ्या, अडलात तर या.

सपोर्ट आणि दुकानं

६० दिवस, पहिल्या फोनपासून मोजायचे, बॉक्स घेतल्यापासून नाही, कारण लोक घेऊन ठेवतात आणि दिवाळीच्या सुट्टीत उघडतात. कशाला मदत करणार ते लिहा: बूट, इन्स्टॉल, वायफाय, आवाज, मराठी कीबोर्ड, आणि पुस्तकात नाव असलेले प्रिंटर. वेळ ठरलेली, समजा रोज संध्याकाळी ५ ते ८, बाकी वेळ व्हॉट्सअ‍ॅप. पहिल्या मेसेजलाच तीन गोष्टी मागा, स्क्रीनचा सरळ काढलेला फोटो, लॅपटॉपच्या खालच्या मॉडेल नंबरचा फोटो, आणि बॅच नंबर. निम्मे प्रश्न या तीन गोष्टींतच सुटतात. पासवर्ड कधी मागू नका, कुणी आपणहून पाठवला तर बदलायला सांगा. सॉफ्टवेअरला वॉरंटी नाही असं लायसन्स म्हणतं, पण खराब पेनड्राइव्ह आणि न दिलेला सपोर्ट या ग्राहक कायद्यात बसणाऱ्या तुमच्याच जबाबदाऱ्या आहेत, म्हणून पेनड्राइव्ह बदलून द्यायचा तर वाद न घालता द्या.

सुरुवात मोठ्या दुकानापासून करू नका. तालुक्याच्या ठिकाणचे रिपेअरिंगवाले, जुने लॅपटॉप विकणारे, स्टेशनरी आणि झेरॉक्सवाले, यांच्याकडे प्रत्येकी पाच बॉक्स ठेवा, विकले तर पैसे नाहीतर माल परत या बोलीवर. दुकानदाराला एक बॉक्स फोडून त्याच्या स्वतःच्या मशीनवर लाइव्ह चालवून दाखवा, ज्याने स्वतः बघितलंय तोच गिऱ्हाइकाला दोन वाक्यं बोलू शकतो. शाळांना वीस बॉक्स विकू नका, एक बॉक्स आणि लॅब बसवून द्यायची वेगळी फी सांगा, ते त्यांना स्वस्त पडतं आणि तुम्हालाही परवडतं.

नवी पॉइंट रिलीज आली की

डेबियन स्टेबलची पॉइंट रिलीज साधारण दोन महिन्यांनी येते. दुकानात असलेले बॉक्स लगेच उचलायची गरज नाही, इन्स्टॉल झाल्यावर अपडेट नेटवरून उतरतातच, फक्त डाउनलोड थोडं वाढतं. पण एखादी बॅच सहा महिन्यांपेक्षा जुनी झाली की परत आणा, श्रिंक फोडा, पेनड्राइव्ह नव्या इमेजने मारा, परत तपासा, बॅचचं स्टिकर बदला, नव्या महिन्याचं लेबल लावून पॅक करा. आणि जुन्या बॅचच्या सोर्सची डिस्क पुसू नका, त्यातला शेवटचा बॉक्स ज्या दिवशी विकला गेला तिथून किमान तीन वर्षं मोजायची आहेत, म्हणून दुकानदाराकडून विक्रीच्या तारखा बॅचप्रमाणे दर महिन्याला लिहून घ्या.